डिस्टिल्ड पाण्याचे घरगुती यंत्र : ते चालते कसे आणि घ्यावे कोणते

कोल्हापूर शहरात ज्यांच्या घरी महापालिकेचे पाणी नियमित येते, त्यांना डिस्टिल्ड पाण्याच्या, म्हणजे पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करणाऱ्या यंत्राची गरज क्वचितच भासते. पंचगंगेतून उचललेले किंवा २०२३ पासून काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने येणारे पाणी मूळचे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे असल्याने त्यात क्षार कमी असतात. काळजी करायची ती गढूळपणाची आणि जंतूंची. खरी अडचण आहे ती उपनगरांतल्या नव्या वसाहतींत आणि खाली हातकणंगले-शिरोळच्या बाजूला, जिथे घर बोअरवर किंवा विहिरीवर चालते. तिथे नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरते, स्टीलच्या भांड्यांवर डाग राहतात आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली कचकचते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात म्हणून ती मऊ होत नाही. यात डाळीचा दोष नसतो.

आमचे घर अशाच बोअरवर आहे आणि गेली सहा वर्षे आम्ही पिण्यासाठी घरीच पाणी डिस्टिल करतो. ओळखीचे लोक यंत्राबद्दल विचारतात तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणते घ्यावे’ हा असतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी समजून घ्याव्यात : आपल्या पाण्यात नेमके काय आहे, आणि हे यंत्र त्यातले काय काढते व काय काढत नाही.

आधी पाणी तपासावे

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) मोजणारा मीटर स्वस्त मिळतो आणि तो घरात असावा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्यातला चुना किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही आणि जंतू तर मुळीच कळत नाहीत. म्हणून बोअरच्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेत रीतसर तपासणी करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत तसेच खासगी प्रयोगशाळांत ही सोय असते. नमुना कसा घ्यायचा, बाटली कोणती वापरायची आणि किती वेळात पोहोचवायची हे आधी विचारून घ्यावे, कारण जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटलीच लागते.

अहवाल हाती आला की तो पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे आयएस १०५०० शी ताडून पाहावा. एकूण विरघळलेले घटक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानले जातात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. काठिण्यासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत, फ्लोराइडसाठी १ आणि १.५. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिला सवलत नाही. उसाच्या पट्ट्यात शेताला लागून बोअर असेल तर नायट्रेटचा रकाना सर्वांत आधी वाचावा, कारण नायट्रेट दिसत नाही, त्याला चव नसते, आणि पाणी उकळल्याने ते कमी होण्याऐवजी उलट दाट होते. तान्ह्या बाळांसाठी ते विशेष घातक असते.

अहवालात फक्त जंतू सापडले असतील तर यंत्र घेण्याचे कारण नाही. पाणी गाळून खळखळून उकळणे किंवा यूव्हीचे, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारे साधे उपकरण पुरे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, तिच्यासारख्या संकटावरचा घरगुती उपाय उकळलेले पाणी हाच आहे. फक्त काठिण्य जास्त असेल आणि त्रास आंघोळीपुरता आणि धुण्यापुरता असेल, तर पाणी मऊ करणारे सॉफ्टनर पाहावे. टीडीएस, नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल, तेव्हाच आरओ (दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळणारे यंत्र) की डिस्टिलेशन हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

यंत्राच्या आत काय घडते

भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की आतल्या बाजूने जे थेंब ओघळतात, ते डिस्टिल्ड पाणीच असते. यंत्रात हीच क्रिया जरा शिस्तीने होते. खाली स्टीलचे भांडे असते, त्याच्या तळाशी हीटरचे एलिमेंट. भांड्यातले पाणी उकळते, वाफ वर झाकणात चढते आणि तिथून स्टीलच्या वेटोळ्यात शिरते. या वेटोळ्याभोवती पातळ पत्र्याच्या पात्या असतात आणि वरून पंखा वारा सोडत असतो. वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि तोटीतून थेंब थेंब बरणीत पडते. क्षार, धातू, नायट्रेट, फ्लोराइड यांची वाफ होत नाही, म्हणून ते खालच्या भांड्यातच राहतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. शुद्धतेवर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

आमच्या बोअरचा टीडीएस ९०० च्या पुढे असतो. चार लिटरची एक खेप पूर्ण आटू दिली, तर भांड्याच्या तळाशी तीन-साडेतीन ग्रॅम क्षार उरतात. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी बराच वेळ तसाच उभा होतो. कडेला पांढरट पिवळसर कडे, मध्ये ओल्या राखेसारखा थर, आणि बोटाने चोळला तर खरखरीत. हेच पाणी आम्ही त्याआधी अनेक वर्षे प्यायलो होतो. तो थर म्हणजे विष नव्हे, बहुतेक भाग साधा चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, हे मला माहीत आहे. तरीही आपण रोज काय पितो हे डोळ्यांना दिसणे आणि अहवालात वाचणे यांत फरक आहे.

उकळण्याने जंतूही मरतात आणि भांड्यात मागे राहतात. मात्र नळाच्या पाण्यात जशी क्लोरिनची राखण असते, तशी डिस्टिल्ड पाण्याला नसते. बरणी अस्वच्छ असेल, तिच्यात कोणी हात किंवा उष्टे फुलपात्र बुडवले, तर ते पाणी इतर कोणत्याही पाण्याइतकेच लवकर बिघडते.

यंत्राची दुसरी मर्यादा दुकानदार सहसा सांगत नाहीत. जे पदार्थ पाण्याच्या आधी किंवा पाण्याबरोबर उडून जातात, ते वाफेसोबत पलीकडेही जाऊ शकतात. क्लोरिनयुक्त पाण्यात अल्प प्रमाणात तयार होणारे क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते, पेट्रोलजन्य बेंझिन ८० अंशांना. अमोनियाचेही तेच. यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र असावेत. यंत्राला वायू बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्र असावे. तोटीच्या तोंडाशी कार्बनची पुडी असावी आणि ती वेळेवर बदलावी. आणि आपण स्वतः सुरुवातीला पडणारे अर्धा-पाऊण वाटी पाणी टाकून द्यावे. बोअरच्या आसपास पेट्रोल पंप, रंगकाम किंवा रसायनांचा कारखाना असेल आणि पाण्याला तसा वास येत असेल, तर केवळ डिस्टिलेशनवर विसंबू नये. तो स्रोतच पिण्यासाठी सोडावा.

विजेचा हिशेब

इथे मला स्पष्ट बोलायला हवे, कारण यंत्र घेऊन चार महिन्यांत माळ्यावर टाकणारी घरे मी पाहिली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी कारण वीजबिल हेच होते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणून त्याची पूर्ण वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट वीज लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे. वाफेची उष्णता पुन्हा न वापरणारे कोणतेही घरगुती यंत्र, कोणत्याही कंपनीचे असले, तरी त्याखाली जाऊ शकत नाही. ‘निम्म्या विजेत डिस्टिल्ड पाणी’ असे कोणी टेबलावर ठेवायच्या साध्या यंत्राबद्दल सांगत असेल, तर तिथूनच परत फिरावे.

चार लिटरच्या खेपेला तीन युनिट धरावीत. ७५० वॅटचे यंत्र त्यासाठी चार तासांहून थोडे अधिक घेते, ५८० वॅटचे साडेपाच तासांच्या आसपास. चार माणसांच्या घरात पिण्यासाठी दिवसाला दहा लिटर लागले, तर रोज साडेसात आणि महिन्याला सव्वादोनशे युनिट होतात. शिवाय हा वापर आपल्या नेहमीच्या वापरावर चढतो. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याचा दर जास्त असतो, म्हणून यंत्राची वीज सरासरी दराने न मोजता आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजावी. तो दर दहा रुपये असेल तर पाणी लिटरला साडेसात रुपयांना पडते. दोघांच्या घराला हे परवडू शकते. सहा-सात माणसांच्या घराला आरओच बरा, असे माझे मत आहे.

आरओचीही किंमत असते. तो लिटरभर पाणी देताना त्याहून अधिक पाणी सांडपाण्यात सोडतो, त्याचा पडदा हळूहळू झिजतो आणि नायट्रेट तो पूर्ण अडवत नाही. डिस्टिलेशनचे काम पहिल्या दिवशी आणि हजाराव्या दिवशी सारखेच होते, कारण त्यात झिजणारा पडदाच नाही. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असलेल्या लहान कुटुंबाला मी यंत्र सुचवतो ते याच कारणाने.

पुरासाठी म्हणून मात्र हे यंत्र घेऊ नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये उपसा केंद्रे पाण्याखाली गेली, शहराचा पाणीपुरवठा थांबला, आणि त्याच काळात अनेक भागांत वीजही नव्हती. तीन युनिट खाणारे यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. अशा दिवसांत गॅसवर उकळलेले पाणी हाच आधार असतो.

निवड करताना

सर्वांत आधी झाकण उलटे करून पाहावे. भांडे स्टीलचे आहे हे सगळेच दाखवतात. प्रश्न असतो तो वाफेला लागणाऱ्या प्रत्येक भागाचा. माझे पहिले यंत्र एका दुकानातून घेतले होते. भांडे चकचकीत स्टीलचे, पण झाकणाच्या आतला कडा आणि तोटी साध्या प्लॅस्टिकची. पहिल्या पंधरा-वीस खेपांपर्यंत पाण्याला तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येत राहिला. दुकानदार म्हणाले, सवयीने जाईल. वास गेला नाही, आणि वर्षभराने एलिमेंट जळाले तेव्हा सुटा भाग मिळत नाही असे उत्तर आले. तेव्हापासून मी दोनच गोष्टींवर अडून बसतो : भांडे, झाकणाची आतली बाजू, वेटोळे आणि तोटी ही सगळी ३०४ दर्जाच्या स्टीलची हवीत, सील सिलिकॉनचे हवे; आणि एलिमेंट, पंखा व तापमान-कट (यंत्र फार तापले की वीज तोडणारा स्विच) यांचे सुटे भाग मिळतील हे पावतीवर लिहून घ्यावे. वेटोळे ॲल्युमिनियमचे असेल तर ते यंत्र घेऊ नये, कारण डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि धातूतून काही ना काही उचलते. बरणी काचेची असावी.

थंड करण्याच्या पद्धतीवरून यंत्रे दोन प्रकारची असतात. पंख्याने थंड होणारे यंत्र पाणी वाया घालवत नाही, फक्त टेबल फॅनइतका आवाज करते. प्रयोगशाळेत असते तसे काचेचे किंवा भिंतीवर लावायचे यंत्र बहुधा वाहत्या पाण्याने थंड होते आणि एक लिटर मिळवण्यासाठी दहा-पंधरा लिटर थंड पाणी त्यातून जाते. ते पाणी टाकीत परत नेण्याची सोय नसेल तर घरासाठी असे यंत्र नकोच. काचेचे यंत्र दिसायला देखणे असते आणि पाणीही उत्तम देते, पण घाईच्या स्वयंपाकघरात ते किती दिवस टिकेल याचा विचार करावा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, चांगले कारागीर आहेत, त्यांच्याकडून भांडे आणि वेटोळे बनवून घेता येईल का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. बनवता येईल, यात शंका नाही. पण सांधे आर्गॉन वेल्डिंगचेच हवेत, शिशाचे डाख कुठेही नको, आणि वाफ कोंडू नये म्हणून बाहेर जायची वाट कायम उघडी हवी. वीज आणि वाफ एकत्र असलेल्या वस्तूत अर्थिंग आणि कोरडे पडल्यावर बंद होणारा कट याची जबाबदारी कोण घेणार, हे ठरल्याशिवाय मी तो मार्ग सुचवणार नाही.

विजेच्या बाजूने एवढे पाहावे. बाहेरून मागवलेली काही यंत्रे ११० व्होल्टची असतात. आपल्याला २३० व्होल्टचेच हवे. पिन तीन कांड्यांची आणि घरातले अर्थिंग खरोखर चालू असावे. ७५० वॅटला साधे सॉकेट पुरते, पण एक्स्टेंशन बोर्डवर चार-पाच तास हीटर चालवणे धोक्याचे. पाणी संपल्यावर यंत्र आपोआप बंद पडते की नाही, हे विकत घेताना प्रत्यक्ष चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. पेटीवर एनएसएफ/अन्सी ६२ असे लिहिलेले असेल तर ते पिण्याचे पाणी डिस्टिल करणाऱ्या यंत्रांसाठीचे मानक आहे, एवढे लक्षात ठेवावे.

सौर यंत्राची कल्पना मोहात पाडते. काचेच्या उतरत्या छपराखाली काळ्या तळाची उथळ पेटी, तिच्यात पाणी, आणि काचेवरून ओघळणारे थेंब पन्हळीत. चौरस मीटरला चांगल्या उन्हात दिवसाला दोन ते चार लिटर मिळतात आणि वीज शून्य. गच्ची असलेल्या घराने जानेवारी ते मे जरूर करून पाहावे. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरात तिच्याकडून काही मिळेल ही आशा मात्र ठेवू नये.

रोजचा वापर

यंत्र ओट्यावर ठेवू नये. तीन युनिटांची सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते आणि एप्रिल-मेमध्ये ती सोसत नाही. आम्ही ते मागच्या गॅलरीत, भिंतीपासून वीतभर लांब ठेवतो आणि रात्री लावतो. पाणी खुणेच्या वर भरू नये. जास्त भरले की उकळताना उडणारे तुषार वाफेबरोबर वेटोळ्यात जातात आणि शुद्ध पाण्यात मिसळतात. गढूळ पाणी असेल तर आधी निवळून, गाळून घ्यावे.

खेप पूर्ण आटू देणे ही सर्वसाधारण सवय आहे आणि तीच यंत्राचे आयुष्य कमी करते. साधारण अर्धा लिटर उरले असताना यंत्र बंद करावे. म्हणजे क्षार पाण्यातच राहतात, गरम तळाला भाजून चिकटत नाहीत, आणि ते पाणी थंड झाल्यावर ओतून भांडे विसळले की काम संपते. हे उरलेले पाणी झाडांना घालू नये, ते फार दाट असते. तरीही थर धरलाच, तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व दोन चमचे घेऊन थर बुडेल इतक्या पाण्यात विरघळवावे, ते कोमट करून रात्रभर भिजू द्यावे आणि सकाळी मऊ कापडाने पुसावे. चुन्याचा थर फसफसून सुटतो. जिप्समचा थर असेल तर तो सहज सुटत नाही आणि दोन-तीन वेळा भिजवावे लागते. तारेची घासणी अजिबात लावू नये. तिचे ओरखडे पुढचा थर अधिक घट्ट धरून ठेवतात.

हे पाणी प्यावे की नाही, यावर फार मतभेद ऐकू येतात. चवीला ते सपक लागते; पहिले आठ दिवस घरातल्या कोणालाच आवडत नाही. शरीराला लागणारे क्षार मुख्यतः दूध, नाचणी, डाळी, भाजी यांतून येतात, तरी पाण्यातूनही काही वाटा मिळतो हे खरे आहे. आम्ही तीन भाग डिस्टिल्ड पाण्यात एक भाग साधे उकळून गाळलेले पाणी मिसळतो. चवही सुधारते आणि विजेचा खर्चही कमी होतो. बोअरमध्ये नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर मिसळण्याचे पाणी बोअरचे नसावे, नाहीतर जे काढले तेच परत आले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे. डाळ शिजवायला मात्र हे पाणी निम्मे-निम्मे वापरून पाहा. आमच्याकडे दोन शिट्ट्या वाचल्या.

इन्व्हर्टरची बॅटरी, वाफेची इस्त्री आणि झोपेत श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅप मशीनची पाण्याची डबी यांना मिसळ न केलेले पाणी वापरावे. बॅटरीसाठी ते कार्बनच्या पुडीशिवाय काढलेले असेल तर उत्तम. डोळ्यांच्या कॉन्टॅक्ट लेन्स यात धुऊ नयेत आणि जखमेलाही लावू नये, कारण घरी केलेले डिस्टिल्ड पाणी निर्जंतुक राहीलच असे नाही.

साठवणीला काच किंवा स्टील. तांब्याची कळशी आपल्या घरांत मानाची असते, पण डिस्टिल्ड पाणी तिच्यात रात्रभर ठेवू नये. ते नेहमीच्या पाण्यापेक्षा जास्त तांबे उचलते. पितळेचे आणि ॲल्युमिनियमचेही तसेच.

आठवड्यातून एकदा मीटरने पाणी मोजून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. चांगल्या यंत्राचे पाणी ० ते ५ च्या दरम्यान असते. तो १० च्या वर चढला तर लगेच दुरुस्तीला नेण्याची घाई करू नये. भांडे खुणेच्या वर भरले गेले का, झाकणाचे सील वाकडे बसले का, तळाचा थर फार वाढून पाणी फेसाळते आहे का, हे पाहावे. कार्बनची पुडी नवी असेल तर पहिल्या दोन खेपांत आकडा वर जातो आणि आपोआप उतरतो. ती आधी उकळत्या पाण्यात बुडवून घ्यावी. आणि आमच्याकडे तरी बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसून बरणीचा निघाला आहे : ती बोअरच्या पाण्याने धुऊन तशीच ओली तोटीखाली ठेवलेली असते. बरणी शेवटी एकदा डिस्टिल्ड पाण्यानेच विसळावी आणि उपडी घालून निथळू द्यावी.